लिंकच्या शेवटी काय आहे ते पाहा: डोमेनचं एक्स्टेंशन ओळखायचं कसं आणि आपल्या धंद्यासाठी कोणतं घ्यायचं

पीएम किसानचा हप्ता यायचा टाइम झाला की आमच्याकडं गावोगावच्या ग्रुपवर लिंका पडायला लागतात. यादीत नाव पाहा, केवायसी करा, हप्ता अडकला असेल तर इथं क्लिक करा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी तेच, गाडीच्या नंबरप्लेटच्या वेळी तेच, पीकविम्याच्या वेळीही तेच. मी सेवा केंद्रावर बसतो त्यामुळं रोज कोणी ना कोणी मोबाइल पुढं करून विचारतं, "भाऊ, हे लिंक खरी हाय का पाय बरं." आणि खरं सांगायचं तर याचं अर्धं उत्तर त्या लिंकमधेच लिहिलेलं असतं, फक्त नेमकं कुठं पाहायचं हे लोकांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक सांगून ठेवतो, पत्ते मी बोलतो तसे मराठीत लिहितोय, तुमच्या मोबाइलवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. आणि फसवणुकीची जी उदाहरणं देतोय ती समजवण्यासाठी मीच बनवलेली आहेत, ती उघडून पाहत बसू नका.

वेबसाइटचा पत्ता म्हणजे डोमेन, आणि डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी असं त्या पत्त्याच्या शेवटी जे लागतं त्याला एक्स्टेंशन म्हणतात. लोकांना वाटतं हे नुसतं सजावटीचं आहे, कोणी कॉम लावतं कोणी इन लावतं. तसं नाही. प्रत्येक एक्स्टेंशनमागे एकच प्रश्न विचारायचा की हे कोणाला मिळतं? काही एक्स्टेंशन कागदपत्रं तपासल्याशिवाय मिळतच नाहीत आणि काही कोणीही, कुठूनही, पाच मिनिटांत ऑनलाइन पैसे भरून घेऊ शकतं. एवढा फरक डोक्यात बसला की लिंक ओळखणंही सोपं जातं आणि स्वतःसाठी नाव घेणंही.

पत्ता उजवीकडून वाचायचा

पाकिटावर पत्ता कसा लिहितो आपण, नाव, मग मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर काही कळत नाही, पिंपळगावं ढीगभर आहेत, तालुका-जिल्हा वाचला की मग नेमकं कोणतं ते कळतं. वेबसाइटचा पत्ताही असाच आहे, शेवटून सुरू करायचं.

पण शेवट म्हणजे नेमका कुठला शेवट हे आधी शोधा. पत्ता सुरू होतो एचटीटीपीएस, मग कोलन आणि दोन स्लॅश. त्या दोन स्लॅशच्या पुढं वाचत जा आणि पहिला एकटा स्लॅश जिथं येतो तिथं थांबा. त्या स्लॅशच्या पुढचं सगळं सोडून द्या, ते त्या साइटच्या आतलं पान आहे, तिथं मालक मनाला येईल ते लिहू शकतो. एकटा स्लॅश नसेलच तर पत्ता जिथं संपतो तो शेवट. आता तिथून उलटं, डावीकडं चला.

पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी इन, त्याच्या आधी जीओव्ही, त्याच्या आधी पीएमकिसान. म्हणजे भारत, त्यात सरकार, त्यात पीएम किसान. हा खरा पत्ता.

आता हे पाहा, पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट हप्तायादी डॉट एक्सवायझेड. घाईत वाचणाऱ्याला सुरुवातीचं पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन दिसतं आणि तो क्लिक करतो. उजवीकडून वाचा, शेवटी एक्सवायझेड, आधी हप्तायादी. झालं, मालक सापडला. ज्याने हप्तायादी डॉट एक्सवायझेड घेतलंय त्याला त्याच्या डावीकडं वाटेल ते जोडता येतं, पीएमकिसान जोडता येतं, स्टेट बँक जोडता येतं, कोणाला विचारावं लागत नाही की काही जास्तीचे पैसे लागत नाहीत. मोबाइलची स्क्रीन लहान असते म्हणून लांबलचक पत्त्याचा शेवट पुष्कळदा दिसतच नाही आणि फसवणारा नेमका तेच पाहून पत्ता लांब करतो, म्हणून वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि सरकवून शेवटापर्यंत पाहा.

दुसरा प्रकार, हप्तायादी डॉट ऑनलाइन स्लॅश पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. इथं सरकारी पत्ता शेवटी आहे खरा पण तो स्लॅशच्या पुढं आहे, म्हणजे नुसतं पानाचं नाव.

तिसरा सगळ्यात चलाख, पीएमकिसान डॅश जीओव्ही डॉट इन. डॉटच्या जागी डॅश. जीओव्हीच्या आधी टिंब पाहिजे होतं तिथं आडवी रेघ आहे, त्यामुळं हा सरकारी पत्ता राहिलाच नाही, 'पीएमकिसान डॅश जीओव्ही' नावाचं एक साधं डॉट इन झालं. चष्मा लावून पाहावं लागतं हे, पण एकदा सवय लागली की डोळा आपोआप तिथंच जातो.

आणि हो, एचटीटीपीएस आहे किंवा कुलूप दिसतं म्हणून साइट खरी असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या मोबाइलपासून त्या साइटपर्यंतची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडं बसलेला माणूस चोर असला तरी कुलूप दिसतंच. क्यूआर कोड स्कॅन केला तरी उघडण्याआधी जो पत्ता दिसतो तो याच पद्धतीने वाचायचा.

सरकारी पत्ते

जीओव्ही डॉट इन हे फक्त सरकारी खात्यांना, राज्य सरकारांना, त्यांच्या मंडळांना मिळतं आणि ते देण्याचं काम एनआयसी म्हणजे नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर करतं. अधिकृत पत्राशिवाय मिळत नाही. त्यामुळं लाडकी बहीणचा पत्ता लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन आहे, सातबारा पाहायचा तर भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन, पीकविम्याचा पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन, आधारचा यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन. अमरावती, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांच्या साइटही जिल्ह्याचं नाव आणि मग जीओव्ही डॉट इन अशाच आहेत. जुन्या काही साइट एनआयसी डॉट इनवर होत्या, चंद्रपूर जिल्ह्याची साइट कित्येक वर्षं चांदा डॉट एनआयसी डॉट इन होती, तेही सरकारीच.

नुसतं डॉट जीओव्ही, म्हणजे पुढं इन नाही, ते अमेरिकेच्या सरकारचं असतं. आपल्याशी त्याचा संबंध नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्या कारण यात लोक उलटे घसरतात. जीओव्ही डॉट इन असेल तर साइट सरकारी, हे पक्कं. पण जीओव्ही डॉट इन नसेल तर खोटीच, असं म्हणता येत नाही. महावितरणची साइट महाडिस्कॉम डॉट इन आहे. रेल्वे तिकिटाची आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन. नमो शेतकरी महासन्मानचं स्टेटस पाहायची साइट तर महाआयटी डॉट ओआरजीवर आहे. या खऱ्या आहेत. मला स्वतःला हे पटत नाही, कास्तकाराला जिथं आधार नंबर टाकायला सांगता ती प्रत्येक साइट जीओव्ही डॉट इनवरच पाहिजे, म्हणजे गावातल्या माणसाला एकच नियम सांगता येईल. पण आज तसं नाही, म्हणून अशा साइटवर जायचं तर ग्रुपवरच्या लिंकवरून न जाता खात्याच्या जीओव्ही डॉट इनवाल्या पानावरून पुढं जायचं. २०१९ च्या १ एप्रिलआधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची होती तेव्हा बुकिंग खाजगी कंपन्यांच्या साइटवर होतं, तिथंही हाच रस्ता, आधी परिवहन विभागाची सरकारी साइट उघडायची आणि तिथल्या लिंकवरून बुकिंगला जायचं, गुगलवर सर्च करून जे पहिलं येईल त्यावर पैसे भरायचे नाहीत.

कॉलेजचे पत्ते

दहावी-बारावीचा निकाल लागला की आईबाप पोरापोरींच्या अ‍ॅडमिशनसाठी साइट शोधतात. इथं एसी डॉट इन, ईडीयू डॉट इन आणि आरईएस डॉट इन ही तीन पाहा. पहिली दोन विद्यापीठं आणि शिक्षणसंस्थांसाठी, तिसरं संशोधन संस्थांसाठी, आणि ही अर्नेट ही सरकारी संस्था कागद तपासून देते. नागपूरचं व्हीएनआयटी, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, सगळे एसी डॉट इनवर आहेत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा पत्ता आरईएस डॉट इन.

नुसतं डॉट ईडीयू हे अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजांपुरतं आहे.

डॉट ओआरजीबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ओआरजी म्हणजे संस्था, ट्रस्ट, म्हणजे कोणीतरी तपासून दिलेलं असेल असं वाटतं. डॉट ओआरजी कोणालाही मिळतं, नोंदणी प्रमाणपत्र कोणी मागत नाही. चांगल्या संस्था ते वापरतात हे खरं, म्हणूनच त्याला वजन आलंय, पण खोटी देणगी मागणारा आणि नोकरीच्या नावाखाली फॉर्मफी घेणाराही तेच वापरू शकतो. ओआरजी डॉट इनचंही तसंच.

बँकेचा पत्ता, हे नवीन आहे

हे सगळ्यांना सांगा कारण गावात अजून पुष्कळांना माहीत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मधे सगळ्या बँकांना बँक डॉट इन या एक्स्टेंशनवर यायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हे एक्स्टेंशन हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच उभी केलेली संस्था देते आणि बँकेशिवाय दुसऱ्याला देत नाही. स्टेट बँकेचा पत्ता आता एसबीआय डॉट बँक डॉट इन. सहकारी बँकाही यात आल्या. त्यामुळं बँकेच्या नावाने आलेली लिंक उजवीकडून वाचायची आणि इन, मग टिंब, मग बँक असं आलं की पुढचं नाव पाहायचं. टिंब हवं बरं, 'अमुकबँक डॉट इन' असं चिकटलेलं असेल तर ते कोणीही घेऊ शकतं. फायनान्स कंपन्या, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठी फिन डॉट इन ठरवलंय.

स्टेट बँकेचं स्वतःच्या नावाचं डॉट एसबीआयसुद्धा आहे, बँक डॉट इन यायच्या आधी नेटबँकिंग ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय अशा विचित्र दिसणाऱ्या पत्त्यावर चालायचं आणि ते पाहून लोक घाबरायचे. ते खरंच होतं. मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या नावाचं एक्स्टेंशन घेता येतं, टाटांनीही घेतलंय, आणि त्यात दुसऱ्याला शिरता येत नाही.

क्लिक करून बसला असाल, पैसे गेले असतील, तर लाजू नका आणि उद्यावर ढकलू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा, तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर करा. जितक्या लवकर फोन तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकून सापडायची शक्यता जास्त.

दोन अक्षरांची एक्स्टेंशन म्हणजे देश

शेवटचा तुकडा दोनच अक्षरांचा असेल तर तो कुठल्यातरी देशाचा किंवा प्रदेशाचा समजायचा. इन भारताचा, एनपी नेपाळचा, यूके ब्रिटनचा, डीई जर्मनीचा. भारताला डॉट इन १९८९ मधे मिळालं पण पुष्कळ वर्षं ते मिळवणं कटकटीचं होतं, २००५ मधे नियम सोपे केले आणि ते सगळ्यांसाठी उघडलं, तेव्हापासून त्याचा कारभार निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया पाहते.

पण देशाचं असलं म्हणजे त्या देशातलंच कोणी वापरतं असं नाही. डॉट टीव्ही हे तुवालू नावाच्या समुद्रातल्या छोट्या बेटांच्या देशाचं आहे, टीव्ही चॅनलवाल्यांना ते आवडलं आणि त्या देशाला त्यातून चांगलं उत्पन्न मिळतं. आता एआयचा बोलबाला झाला तर डॉट एआयला भाव आला, ते अँग्विला या कॅरिबियन बेटाचं. तुम्ही रोज जे यूट्यूबचं छोटं लिंक पाठवता, यूटू डॉट बीई, त्यातलं बीई बेल्जियमचं.

याच यादीतलं आपल्या कामाचं म्हणजे डब्ल्यूए डॉट एमई. हे व्हॉट्सअ‍ॅपचंच आहे, एमई माँटेनेग्रो देशाचं एक्स्टेंशन. लोक विचारतात हे खरं की खोटं. लिंक खरी आहे, पण तिच्यात पुढं ज्याचा नंबर टाकलाय त्याच्याशी चॅट उघडतं, आणि नंबर कोणीही स्वतःचा टाकू शकतं. म्हणजे लिंक खरी, समोरचा माणूस कोण ते माहीत नाही. टेलिग्रामचं टी डॉट एमई तसंच. बिट डॉट एलवाय सारखी छोटी केलेली लिंक असेल तर पुढं कुठं नेणार ते क्लिक केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून पैसे, आधार, ओटीपीच्या कामाला अशी छोटी लिंक कधीच वापरायची नाही.

आणि टायपिंगची गडबड. कॉममधला एम राहिला की डॉट सीओ होतं, ते कोलंबियाचं. ओ राहिला की डॉट सीएम, ते कॅमेरूनचं. अशा चुकीने येणाऱ्या लोकांसाठीच काही जण असे पत्ते घेऊन बसलेले असतात.

डॉट एपीके हे एक्स्टेंशन नाही

म्हणजे आहे, पण डोमेनचं नाही, फाइलचं आहे. आरटीओ चलान डॉट एपीके, लग्नपत्रिका डॉट एपीके, पीएम किसान डॉट एपीके असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, ओळखीच्या नंबरवरूनही येतं कारण त्याचा मोबाइल आधीच ताब्यात गेलेला असतो. ते उघडलं की मोबाइलमधे अ‍ॅप बसतं आणि तुमचे एसएमएस, ओटीपी दुसरीकडं जायला लागतात. लग्नाची पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. एपीके कधीच नसते. चलान पाहायचं तर ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करायचा.

डॉट कॉम आणि बाकीची गर्दी

डॉट कॉम १९८५ पासूनचं. मूळ कल्पना अशी होती की कॉम धंद्यासाठी, नेट नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी, ओआरजी बाकीच्या संस्थांसाठी, पण तो नियम कधीच गळून पडला, आज तिन्ही कोणालाही मिळतात. २००१ च्या सुमाराला इन्फो आणि बिझ आली. मग या सगळ्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मधे नवीन एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले आणि त्यातून हजाराच्या वर नवी एक्स्टेंशन आली, शॉप, स्टोअर, ऑनलाइन, एक्सवायझेड, अगदी डॉट फार्मसुद्धा. गुगलचं डॉट अ‍ॅप आहे, ते एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझरमधे उघडतच नाही.

यातली काही पहिल्या वर्षाला शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. स्वस्त म्हणून चांगले लोक घेतात तसेच फसवणारेही घेतात, कारण त्यांना महिनाभरच लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागातल्या छोट्या धंद्याने ही घेऊ नयेत. ग्राहक आधीच शंका घेतो आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचं बिल पहिल्याच्या कितीतरी पट येतं.

आपल्यासाठी नाव घ्यायचं तर

वरुड-मोर्शीकडं संत्र्याची शेतकरी कंपनी काढली, वायगावची हळद पॅकेटमधून विकायची आहे, भिवापूरच्या मिरचीचं तिखट बचत गटाच्या ताया बनवतात, ताडोबाच्या गेटजवळ होमस्टे टाकला, अशा लोकांसाठी हा भाग. नुसती चौकशी येण्यापुरतं असेल तर गुगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, आधी ते करा. पण पॅकेटवर, पेटीवर छापायला, बँकेत नि खरेदीदाराला दाखवायला स्वतःचा पत्ता असला की वजन पडतं.

मी सांगतो ते असं, ग्राहक भारतातला असेल तर पहिली पसंती डॉट इन. स्वस्त आहे, साधारण काही शे ते हजारभर रुपये वर्षाला, वर जीएसटी, आणि नावंही अजून मोकळी मिळतात. बाहेर देशात माल पाठवायचा विचार असेल तर डॉट कॉम मिळतं का पाहा आणि मिळालं तर दोन्ही घ्या, एकावरून दुसऱ्यावर वळवता येतं. सीओ डॉट इन वाईट नाही पण फोनवर सांगायला त्रास होतो, समोरचा हमखास डॉट कॉम ऐकतो. ही फोनवाली परीक्षा खरंच करा. घरातल्या कोणाला तरी फोन लावून नाव एकदाच सांगा आणि त्यांना लिहून पाठवायला सांगा. जे परत येईल ते पाहून नाव ठरवा.

आपल्याकडं यात मोठी अडचण स्पेलिंगची. वरुड डब्ल्यूने की व्हीने, वायगाव आयने की वायने, संत्रामधे एस ए एन टी आर ए की मधे अजून एक ए, मिरचीला सी एच की डबल सी एच. मराठी नाव इंग्रजीत प्रत्येक जण वेगळं लिहितो. म्हणून जे नाव दोन-तीन तऱ्हेने लिहिलं जाऊ शकतं ते टाळा, नाहीतर दुसरं स्पेलिंगही घेऊन ठेवा. डॅश आणि आकडे नावात नकोच. गावाचं नाव घालायचं असेल तर रेल्वे स्टेशनच्या किंवा एसटीच्या पाटीवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच वापरा, लोकांच्या डोळ्यात ते बसलेलं असतं.

स्पेलिंगचा हा ताप नको असेल तर देवनागरी डोमेन आहे, डॉट भारत. ते २०१४ मधे सुरू झालं, पूर्ण पत्ता मराठीत, भिवापूरमिरची डॉट भारत असं लिहायचं आणि साइट उघडते. मला हे मनापासून आवडतं. ज्या माणसाला मराठीच वाचता येतं त्याला पत्ता पूर्ण वाचता येतो, ही छोटी गोष्ट नाही. पण एकट्या डॉट भारतवर विसंबू नका कारण काही जुन्या अ‍ॅपमधे आणि फॉर्ममधे तो पत्ता चालत नाही, देवनागरी ईमेल तर पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत, आणि कधी कधी कॉपी-पेस्ट केला की एक्सएन डॅश डॅश असं काहीतरी इंग्रजी दिसतं, ते खोटं नसतं, कॉम्प्युटर आतून तसंच लिहितो, पण पाहणारा घाबरतो. तेव्हा डॉट इन मुख्य ठेवा आणि डॉट भारत जोडीला, बोर्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला फार शोभतं.

सहकारी संस्थांसाठी डॉट कॉप नावाचं खास एक्स्टेंशन आहे, सी ओ ओ पी असं लिहितात, ते सहकारी संस्थांनाच मिळतं. महाग आहे, पण मोठ्या संघाने, दूध किंवा प्रक्रिया संस्थेने विचार करायला हरकत नाही.

घेताना

डोमेन विकणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात, गोडॅडी, बिगरॉक, होस्टिंगर अशा बऱ्याच आहेत. साइटवर नाव टाकून मोकळं आहे का पाहायचं आणि पैसे भरायचे, एवढंच काम आहे. पैसे भरताना कार्टमधे होस्टिंग, मेल, सिक्युरिटी असं बरंच काही आपोआप जोडलेलं असतं, नको ते काढून टाका. डोमेन म्हणजे फक्त पत्ता, साइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, ते वेगळं असतं आणि नंतरही घेता येतं. पहिल्या वर्षाचा रेट मोठ्या अक्षरांत असतो, रिन्यूअलचा बारीक अक्षरांत, तो शोधून वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइल नंबरवर घ्या. साइट बनवून देणारा पोट्टा म्हणतो "काका तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी घेतो" आणि स्वतःच्या खात्यात घेऊन टाकतो. त्याच्या मनात पाप असेलच असं नाही. पण तो पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला, की कंपनीचा छापलेला पत्ता कोणाच्या हातात आहे हेच कळत नाही, आणि मुदत संपली की गेला. आमच्या भागातल्या एका शेतकरी गटाचं असंच झालं, पेट्या छापून तयार होत्या आणि पत्ता बंद. साइट त्यालाच बनवू द्या, पण खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, ओटीपी तुमच्या फोनवर. गट किंवा कंपनी असेल तर अध्यक्षांच्या खाजगी मेलवर घेऊ नका, कंपनीच्या नावाचा एक मेल काढा आणि पासवर्ड सचिव आणि अजून एका संचालकाकडं लिहून द्या, अध्यक्ष बदलतात.

डोमेन विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं, एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. मी दोन-तीन वर्षांचं एकदम भरायला सांगतो, खरिपाच्या घाईत तारीख विसरते. ऑटो-रिन्यू लावलं तरी त्यामागचं कार्ड चालू आहे का ते पाहा. मुदत संपली तर लगेच दुसऱ्याला जात नाही, थोडे दिवस नेहमीच्याच रेटने भरता येतं, त्यानंतर डॉट कॉमसारख्या डोमेनला महिनाभर सोडवून घेता येतं पण त्याची फी अंगावर येते, आणि तेही गेलं की मग जो आधी घेईल त्याचं. चालत्या साइटचं सुटलेलं नाव उचलायला लोक टपलेलेच असतात.

रजिस्ट्रार आवडला नाही तर बदलता येतो. त्यासाठी एक कोड लागतो, ऑथ कोड म्हणतात, तो द्यायला रजिस्ट्रार नाही म्हणू शकत नाही. फक्त नवीन घेतलेलं डोमेन पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही. तुमच्या नोंदवलेल्या ब्रँडच्या नावावर कोणी डॉट इन घेऊन बसला असेल तर त्यासाठी निक्सीकडं तक्रारीची पद्धत आहे, तिला आयएनडीआरपी म्हणतात. ती फुकट नाही, तेव्हा ट्रेडमार्क काढायच्या आधीच डोमेन घेऊन ठेवलेलं बरं.

सगळं झालं की छपाईला द्यायच्या आधी पत्ता दुसऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडून पाहा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एकदा आणि न लावता एकदा. नवीन डोमेन सगळीकडं उघडायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. पेटीवर आणि पॅकेटवर पत्ता लहान इंग्रजी अक्षरांत छापा, एल आणि आय जवळजवळ असतील तर प्रिंटरवाल्याकडून वेगळा फाँट मागून घ्या, आणि प्रूफ हातात आलं की त्यावर पाहून स्वतः टाइप करा, साइट उघडली तरच छपाईला हो म्हणा.